पाणी ढगातून आलं, मीठ घाटातून

पोरांनो, आपल्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरात समुद्राकडून दोन वस्तू येतात. एक पाणी आणि दुसरी मीठ. मुळात दोन्ही एकाच खाडीत, एकाच भरतीत विरघळून एकजीव झालेली होती. पण पाणी आलं ते आभाळातून, कुणी न ओढता. आणि मीठ आलं ते माणसाच्या डोक्यावर नाहीतर बैलाच्या पाठीवर बसून, घाट चढून, दाम मोजून. एका जागेवरून निघालेल्या दोघांच्या वाटा इतक्या वेगळ्या कशा झाल्या, ते आज सांगतो.

आधी मिठाची वाट. तुम्ही आज दुकानातून किलोची पुडी आणता आणि फडताळात टाकता. पूर्वी वेल्ह्याकडच्या माणसाला मीठ म्हणजे महाडचा बाजार. बाणकोटच्या खाडीत भरतीचं पाणी चढलं की त्या पाण्याबरोबर मचवे सावित्रीतून वर महाडपर्यंत येत. तिथून मीठ आणि सुकी मासळी घाटवाटांनी वर चढायची, आणि वरचं धान्य, गूळ, हिरडा खाली उतरायचा. भोरकडच्या लोकांना वरंध घाट. केळदकडच्यांना मढे घाट, उपांड्या घाट, शेवत्या घाट. खालच्या रानवडी-कर्णवडीकडून मढे घाटानं केळदला यायचं म्हणजे सहाशे मीटरहून जास्त उंचीचा चढ. हल्ली मुंबई-पुण्याची मंडळी पाठीवर पाण्याची बाटली घेऊन हा घाट चढतात आणि वर आली की अर्धा तास बसून राहतात. मिठाची गोणी घेऊन चढणाऱ्याचं काय होत असेल, त्याचा अंदाज करा.

तो माणूस वर आला, गोणी उतरवून सावलीला बसला, घाटमाथ्याच्या वाऱ्यानं त्याची घामानं भिजलेली बंडी वाळली, की पाठीवर पांढऱ्या वाकड्यातिकड्या रेघा उमटायच्या. तुमच्याही उमटतात, तोरणा चढून आल्यावर काळा सदरा नीट बघा. घामातलं पाणी उडालं, मीठ कापडावर राहिलं. म्हणजे ज्यानं मीठ वाहून आणलं त्याच्याच पाठीवर एक छोटंसं मिठागर झालेलं होतं. आपली आजची सगळी गोष्ट त्या बंडीवर आहे, फक्त ती खाडीएवढी मोठी करून बघायची.

मिठाला पूर्वी किती किंमत होती, ते एका पत्रावरून कळतं. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या नरहरी आनंदराव यांना मिठाच्या जकातीबद्दल लिहिलं होतं. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशचं मीठ स्वस्त पडायचं, म्हणून व्यापारी तिकडे वळायचे आणि आपल्या संगमेश्वराकडच्या मिठाचा व्यापार बसायचा. तेव्हा बारदेशच्या मिठावर जकात वाढवा, असा त्या पत्राचा रोख. आपल्या समोरच्या राजगडावरून ज्यांनी इतकी वर्षं राज्य पाहिलं, त्यांचं लक्ष मिठाच्या गोणीच्या भावावरही होतं. मला महाराजांची ही बाजू लढायांइतकीच मोठी वाटते.

आता खाली खाडीवर चला. पेण, उरण, पनवेल, अलिबागकडची खाजणं तुम्ही रस्त्यावरून जाताना पाहिली असतील. सपाट, चौकोन चौकोन पाडलेली, बांध घातलेली जमीन. पावसाळा संपला की आगरी माणसं तिथली चिखलाची तळजमीन पायांनी तुडवून तुडवून घट्ट करतात, म्हणजे पाणी खाली मुरत नाही आणि मिठात माती येत नाही. मग अवस-पुनवेच्या उधाणाची वाट बघायची. उधाण आलं की उघाडीतून समुद्राचं पाणी आत घ्यायचं आणि दार बंद करायचं. तिथून पुढे ते पाणी एका ताटव्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं सरकवत न्यायचं. प्रत्येक ताटव्यात ते ऊन खातं, वारा खातं, थोडं आटतं, थोडं दाट होतं. शेवटच्या उथळ वाफ्यांत पोचेपर्यंत त्याची गत अशी होते, की आता त्याला मीठ धरून ठेवणं जमत नाही.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातलं आपल्या जेवणातलं मीठ म्हणाल तर सत्तावीस ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक किलो मीठ हवं तर सांडलवंड धरून निदान चाळीस लिटर पाणी आटवायला हवं.

थोरल्यानं मागे विचारलं होतं, "आबा, मग चुलीवर का नाही आटवत? पटकन होईल."

होईल की. पण हिशोब कर. चाळीस लिटर पाणी उकळून सगळं वाफ करायचं तर साध्या चुलीत चाळीस किलो लाकूड जाईल, कारण चुलीतल्या आगीचा पाचवा-सहावा हिस्साच भांड्याला लागतो, बाकीची आग इकडेतिकडे जाते. चाळीस किलो म्हणजे मणभर लाकूड, आणि हाती काय, तर किलोभर मीठ! असं असतं तर कोकणात एक झाड उरलं नसतं. आता तेच काम ऊन कसं करतं बघ. उन्हाळ्यात खाडीकाठी उघड्या पाण्यातून दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडतं असं धर. पाच मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या एका दाण्याच्या लांबीएवढं. दिसतही नाही, आवाजही होत नाही. पण एका एकरावर तेवढं पाणी म्हणजे वीस हजार लिटर झालं! पाण्याचे दोन मोठे टँकर एका दिवसात एका एकरावरून उभे उचलले जातात, तेही काडी न पेटवता.

आता तुम्ही विचाराल, पाणी तर शंभर अंशांना उकळतं, आणि उन्हातलं पाणी धड कोमटही होत नाही, मग ते उडतं कसं? पाणी दिसायला स्थिर असतं, पण त्याचे कण, म्हणजे रेणू, सतत पळत असतात. सगळे एका वेगानं नाहीत. मेंगाईच्या जत्रेतली गर्दी आठवा. सगळे दाटीनं ढकलत असतात, पण कडेला उभा असलेला एखादा पोरगा जोराचा धक्का बसला की गर्दीच्या बाहेर फेकला जातो. तसंच पाण्याच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या रेणूला खालून पुरेसा जोर मिळाला की तो शेजाऱ्यांची ओढ तोडून हवेत जातो. उकळताना हे सगळीकडे एकदम होतं, उन्हात ते फक्त वरच्या थरात होतं आणि हळू होतं, एवढाच फरक. सर्वांत जोरकस रेणू निघून गेले की मागे राहिलेलं पाणी थोडं गार होतं. घाम वाळताना अंगाला गार वाटतं आणि माठातलं पाणी थंड राहतं, ते यामुळेच.

मग मीठ का नाही उडत? कारण मिठाचे कण पाण्यात सुटे असले तरी मोकळे नसतात. मीठ विरघळलं की त्याचे दोन भाग होतात, सोडियम आणि क्लोराइड. एकावर धन विद्युतभार, दुसऱ्यावर ऋण. पाण्याच्या रेणूलाही एक बाजू किंचित धन आणि एक किंचित ऋण असते, म्हणून पाण्याचे रेणू या भारित कणांभोवती चारी बाजूंनी गोळा होऊन त्यांना घट्ट धरतात. ही पकड इतकी भारी आहे की उन्हाची ताकद तिथे पुरी पडत नाही. आणि पाणी संपलं की सोडियम आणि क्लोराइड एकमेकांनाच धरतात, ती पकड तर त्याहून मोठी. सुकं मीठ नुसतं वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात, आणि त्याची वाफ व्हायला चौदाशे अंशांच्या पुढे जावं लागतं. चैत्राच्या उन्हाची तिथे काय मात्रा चालणार? म्हणून समुद्रावरून वाफ निघते ती कोरी, अळणी, गोड्या पाण्याची.

हे नुसतं ऐकू नका, करून बघा. लिटरभर पाण्यात सहा-सात चहाचे चमचे मीठ विरघळवा, म्हणजे ते समुद्राइतकं खारट झालं. त्यातलं थोडं स्टीलच्या परातीत बोटाच्या पेराहून कमी उंचीइतकं ओता आणि एप्रिलच्या उन्हात पत्र्यावर ठेवा. उरलेल्याचं दुसरं काम आहे. ते पातेल्यात घ्या, मधोमध एक रिकामी वाटी ठेवा, वर झाकण उलटं घाला म्हणजे मूठ खाली वाटीवर येईल, आणि झाकणावर गार पाणी ओता. आईला बोलावून मंद गॅसवर ठेवा. वाफ वर जाईल, गार झाकणाला लागून थेंब होईल, मुठीवरून घसरून वाटीत पडेल. वाटीतलं पाणी चाखा, मिठाची चवही लागणार नाही. पातेल्यातलं पाणी म्हणजे अरबी समुद्र, उलटं झाकण म्हणजे आपल्या सह्याद्रीवरची थंड हवा, आणि वाटीच्या जागी आहेत केळद, वेल्हे आणि भोर. जूनमध्ये वारा समुद्रावरची ती वाफ घेऊन येतो, वाटेत डोंगर आडवा येतो, हवा वर चढते, वर चढली की गार होते, आणि मग आपल्या घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो.

परातीतलं पाणी बरंच आटलं की तिकडे जा. पाणी आधी कडेला आटतं, म्हणून पहिले दाणे कडेलाच दिसतील. भिंग घ्या. प्रत्येक दाणा चौकोनी दिसेल, कारण मिठाचे कण आत जसे रचलेले असतात तसाच बाहेरून आकार येतो. काही दाण्यांच्या मधोमध खड्डा असेल आणि त्या खड्ड्याला पायऱ्या असतील. दाण्याच्या कडांना आणि कोपऱ्यांना चारी बाजूंनी नवं मीठ मिळत राहतं, मधल्या भागाला कमी मिळतं, म्हणून कडा पुढे जातात आणि मधला भाग मागे राहतो. कुणी कोरलेलं नाही, कुणी मोजलेलं नाही, आणि तरी काटकोन असा की सुतारानं गुण्या लावून बघावा. मी इतक्या वर्षांत कितीदा बघितलंय, तरी दरवेळी भिंग खाली ठेववत नाही.

मिठागरात हेच होतं, पण तिथे आगऱ्याची कसोटी लागते. समुद्राच्या पाण्यात एकटं मीठ नसतं, बरेच क्षार असतात, आणि ते एकाच वेळी खाली बसत नाहीत. पाणी आटायला लागलं की पहिल्यांदा चुन्यासारखा भाग बसतो. पाणी चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येईपर्यंत जिप्सम बसायला लागतं. दहा घागरींची एक घागर उरली की मग आपलं मीठ. आणि सगळ्यांत शेवटपर्यंत पाण्यात दडून राहतात ते मॅग्नेशियमचे क्षार, चवीला कडू. म्हणून तर ताटवे वेगवेगळे. आधीच्या ताटव्यांत चुना आणि जिप्सम मागे टाकायचं, शेवटच्या वाफ्यात मीठ धरायचं आणि कडू पाणी उरलं की ते काढून टाकायचं. लोभानं तेही आटवलं तर मीठ कडू होतं. वेळ ओळखणं हीच त्यातली विद्या. वारा पडलेला असेल तर संध्याकाळी वाफ्याच्या पाण्यावर मिठाची पातळ साय धरते, मग ती फुटून खाली बसते. लांब दांड्याच्या लाकडी फळीनं मीठ ओढून बांधावर ढीग लावतात. दिवसभर डोळ्यांवर पांढऱ्या उजेडाची तिरीप, पायाला खारं पाणी लागून भेगा. पहिला पाऊस यायच्या आत ढीग झाकले पाहिजेत, नाहीतर चार महिन्यांची मेहनत परत खाडीत.

दाट झालेल्या त्या पाण्याला कधी कधी गुलाबी छटा येते. मिठावाचून जगूच न शकणारे सूक्ष्म जीव असतात, त्यांचा तो रंग. २०२० च्या जूनमध्ये बुलढाण्याचं लोणार सरोवर गुलाबी झालं होतं ते आठवतंय? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं ते पाणी तपासलं, तेव्हा असेच मीठप्रेमी जीव निघाले. लोणारकडे आपल्याला परत यायचंय, लक्षात ठेवा.

आता खरी गंमत. सुकवून, गोणीत भरून मीठ घाट चढून वर आलं. जून उजाडला. आणि आजीच्या बरणीतलं मीठ ओलं व्हायला लागलं, बरणीच्या तळाशी पाणी साचलं. बरणीला झाकण, घरात गळती नाही, मग पाणी आलं कुठून? हवेतून. हवेत जेवढा ओलावा मावतो त्याच्या पंचाहत्तर टक्के ओलावा ही मिठाची सीमा आहे. हवा याहून कोरडी असेल तर मीठ सुकं राहतं. हवा याहून ओली झाली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळायला लागतं. आणि आपल्याकडे आषाढात हवेतला ओलावा नव्वदच्या घरात असतो. जुन्या खड्या मिठात ते कडू मॅग्नेशियम उरलेलं असे, त्याला तर निम्म्याहून कमी ओलावाही पुरतो, म्हणून ते मीठ लवकर पाझरायचं. आजी बरणीत भाजलेले तांदूळ टाकायची ते यासाठी.

पंचाहत्तरचा हाच आकडा खाली मिठागरातही असतो बरं का. पाण्यात मावेल तेवढं मीठ मावलं की ते पाणी हवा पंचाहत्तर टक्क्यांहून ओली असताना आटतच नाही. एकच रेघ आहे. रेघेच्या अलीकडे मीठ पाणी सोडतं, पलीकडे परत धरतं. खाडीवर उन्हानं ज्या दोघांची ताटातूट केली, ते केळदच्या बरणीत पुन्हा भेटले.

धाकटी म्हणाली, "म्हणजे पाणी ढगातून आलं आणि मीठ घाटातून, आणि दोघं आपल्या बरणीत?"

अगदी! पण ते त्याच्या आधीच एकदा भेटलेले असतात, आणि ही गोष्ट मला सगळ्यांत नवलाची वाटते. लाटा फुटतात तेव्हा फेसाचे बुडबुडे फुटून बारीक तुषार उडतात. त्यातलं पाणी हवेतच वाळतं आणि डोळ्यांना न दिसणारा मिठाचा कण तरंगत राहतो. हवा ढकलून नेते तसा तो वर जातो. आता वाफेचा नुसत्या हवेत थेंब होणं फार अवघड असतं, तिला बसायला काहीतरी आधार लागतो. धुळीचा कण चालतो, धुराचा चालतो, पण मिठाचा कण असेल तर काय विचारता! तो बरणीतल्या मिठासारखाच ओलावा ओढून घेतो, त्याच्याभोवती पाणी जमतं, आणि ढगातला थेंब तयार होतो. तोरण्याच्या झुंजार माचीवर पावसाळ्यात ढग अंगावरून जातात, तेव्हा त्यातल्या कितीतरी थेंबांच्या पोटात समुद्राचं मीठ असतं. मघाशी मी म्हणालो समुद्रावरून निघणारी वाफ कोरी असते. वाफ कोरीच असते, पण पाऊस व्हायला तिला पुन्हा चिमटीच्याही चिमटीइतकं मीठ घ्यावं लागतं. जिभेला ते कधीच कळत नाही.

पाऊस पडला. आपल्या डोंगराच्या धारेच्या पश्चिमेला पडलेला थेंब सावित्रीत गेला, थोड्याच दिवसांत बाणकोटला, परत आला तिथे. पण धारेच्या पूर्वेला पडला तर? शिरगावला नीरा उगम पावते. वेल्ह्याची कानंदी गुंजवणीला मिळते, गुंजवणी नीरेला. भोरजवळ वेळवंडीवर भाटघरचं धरण आहे. पुढे नीरा भीमेत, भीमा कृष्णेत आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागरात. वाफ उठली पश्चिमेच्या समुद्रावरून आणि पाणी पोचलं पूर्वेच्या समुद्रात, हजार किलोमीटरहून लांब चालून.

त्या वाटेत बारामती लागते. आणि तिथे उन्हानं हाच खेळ पुन्हा केला, पण या वेळी माणसाच्या नुकसानीचा.

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. ज्या मुलखात पाचशे मिलिमीटर पाऊसही धड पडत नाही, तिथे आपल्या भोर-वेल्ह्याचं पाणी गेलं. दुष्काळी माळावर ऊस डोलायला लागला. लोकांनी पाण्याला हात जोडले, आणि जोडावेत असंच ते पाणी होतं. पण काही वर्षांनी खोल काळ्या जमिनींवर पांढरे डाग उमटू लागले. सकाळी बघावं तर दहिवर पडल्यासारखी जमीन पांढरी. तिथे पीक पिवळं पडायचं, मग उगवायचंच बंद व्हायचं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी या जमिनींचा अभ्यास केला आणि १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका काढली. कालव्याला जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती.

मीठ आलं कुठून? नदीचं पाणी गोड असलं तरी कोरं नसतं. डोंगरातला काळा दगड झिजतो, त्यातले क्षार पाण्यात उतरतात. लिटरमागे पाव ग्रॅम धरा, चाखून कुणाला कळणार नाही. एका एकराला वर्षभरात मीटरभर उंचीचं पाणी दिलं तर ते चाळीस लाख लिटर होतं. चाळीस लाख पाव ग्रॅम म्हणजे दहा क्विंटल क्षार, एका एकरात, एका वर्षात! त्यातच त्या जमिनीच्या खालच्या थरात आधीपासून क्षार होतेच. पाणी जास्त दिलं की जमिनीखालचं पाणी वर चढतं. ते वरच्या चार-पाच फुटांत आलं की मातीतल्या बारीक फटींतून आणखी वर शोषलं जातं, पृष्ठभागाला पोचतं, ऊन त्याला उडवून नेतं, आणि क्षार तिथेच. रोज थोडे, वर्षानुवर्षं. खाडीवर माणूस तळ तुडवून मिठागर करतो. इथे कुणी न करता शेताचं मिठागर झालं.

म्हणून लोणार लक्षात ठेवा म्हटलं होतं. लोणारच्या विवरात चारी बाजूंनी पाणी येतं, पण बाहेर जायला नदी नाही, ओढा नाही. पाण्याला जायला एकच वाट, आभाळाची. आणि त्या वाटेनं मीठ जात नाही. ज्या शेतातून पाण्याला खालून निघायला वाट नाही, त्याचं तसंच होतं. उपायही यातूनच निघतो. खोल चर खणा, पाण्याला खालून वाट द्या, मग पावसाचं आणि कालव्याचं पाणी क्षार विरघळवून चरातून ओढ्याला घेऊन जाईल. हल्ली जमिनीखाली भोकं पाडलेले पाइप घालतात. आणि मुळात पाणी बेतानं द्या. वरच्या आणि खालच्या शेतकऱ्यांनी मिळून चर काढला तरच त्याचा उपयोग होतो, कारण एकाच्या शेतातला चर दुसऱ्याच्या बांधाशी येऊन थांबला तर पाणी तिथेच साचतं. आपल्या केळदच्या तांबड्या मातीला हे दुखणं नाही, एवढ्या पावसात तिचे क्षार कधीच धुऊन गेलेत.

"मग आबा," थोरला म्हणाला, "सगळ्या नद्या क्षार समुद्रात नेतात, आणि समुद्रातून उडतं नुसतं पाणी. म्हणजे समुद्र पण लोणारच की! तो रोज जास्त खारट होत असणार."

हा प्रश्न तुझ्या आधी फार मोठ्या माणसाला पडला होता. धूमकेतूचे एडमंड हॅली, त्यांनी १७१५ मध्ये सुचवलं की समुद्राचा खारटपणा किती वाढतो ते मोजलं तर पृथ्वीचं वय काढता येईल. १८९९ मध्ये आयर्लंडच्या जॉन जॉली यांनी खरंच हिशोब केला. समुद्रात सोडियम किती, नद्या वर्षाला किती आणतात, भागाकार करा. उत्तर आलं नऊ कोटी वर्षांच्या आसपास. आज आपल्याला ठाऊक आहे की पृथ्वी साडेचारशे कोटी वर्षांची आहे. भागाकार बरोबर होता, पण समुद्रातून मीठ बाहेरही जातं ते त्यात धरलेलं नव्हतं. थोडं समुद्रतळाच्या चिखलात आणि खडकात अडकतं. आणि कधी कधी जमीन हलते, समुद्राचा एखादा भाग तुटून वेगळा पडतो, ऊन त्याला आटवतं, आणि कोसच्या कोस मिठाचे थर तयार होतात. वर माती पडते, खडक होतो, डोंगर उचलला जातो, मीठ आत बंद.

तसं मीठ तुम्ही खाल्लेलं आहे. एकादशीच्या वरईत आजी जे सैंधव घालते ते खाणीतून खणून काढतात. पाकिस्तानात पंजाबातल्या खेवड्याच्या डोंगरात त्याची मोठी खाण आहे, आणि तिथलं मीठ ज्या समुद्राचं, तो पन्नास कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच उन्हानं आटला. आपल्या तोरण्याचा दगड लाव्ह्यातून तयार होऊन जेमतेम साडेसहा कोटी वर्षं झालीत.

आता परातीचं बघा, ऊन कलायच्या आत ती पत्र्यावर गेली पाहिजे.